मधली डबी

हेलिकॉप्टरच्या मॉडेलला वळवणाऱ्या चिमुकल्या सर्वो मोटारींना सहाच व्होल्ट झेपायचे; जास्त गेले की त्या जळायच्या. म्हणून दिपेशने बॅटरीपुढे व्होल्टेज कमी करणारी डबी बसवली होती. डंपर चालवणारा त्याचा बाप, धर्मा, ती पाहून हळहळायचा, "बाला, भरल्या घरात उपाशी ठेवतंस रं याला!"

राज्य स्पर्धेच्या निवडीला काशीदच्या वाळूवरून हेलिकॉप्टर सुरूच्या शेंड्यापर्यंत चढलं नि एकाएकी ऐकेनासं झालं. दिपेश रिमोटशी झटत राहिला, आणि वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत लाटांत गेली.

धर्माने त्याच्या पाठीवर हात ठेवला.



"असा कसा पडला रं? सकाली मीच ती डबी काढून डायरेक्ट केलता. म्हटला, आज तरी पोटभर जेवून जाऊ दे."