लाल चौकट

लंडनला कधीच न गेलेल्या जुन्या जपानी चित्रकारांनी लाकडी ठशांनी छापलेलं लंडन दानेश्वरीला मोबाइलवर सापडलं. सोलापूर न सोडता तिनंही तसंच लंडन काढलं, चादरीच्या डिझाइनसाठी. त्या चित्रकारांसारखीच कोपऱ्यात लाल चौकट काढून आत जपानी अक्षरांत स्वतःचं नाव घातलं.

ती कामाला होती त्या चादरींच्या कारखान्याचे मालक महेश्वरअण्णा बघतच राहिले. "लई भारी! फकस्त तुझं नाव काढ आन् माझं घाल. कारखाना माझा हाय की."

"जपानीतच घालू का, अण्णा?"

"व्हय, तसंच. उठून दिसतंय."

तिनं घातलं.

मुलीच्या लग्नात अण्णांनी सगळ्या पाहुण्यांना तीच चादर आहेर म्हणून दिली. वर माइकवरून सांगितलं, "डिझाइन माझं, चौकटीतलं नावबी माझंच!" नवरदेवाच्या वडिलांनी कौतुकानं चौकटीवर मोबाइल धरला. मोबाइलनं भर मांडवात मराठीत वाचून दाखवलं, "चोर."

अण्णांनी दानेश्वरीकडं डोळे वटारून पाहिलं. ती जागची हलली नाही.



"तुमीच म्हणला होता की अण्णा, तुमचं नाव घाल म्हणून."