पोलिसाची पाठ

शुक्रवारच्या नमाजाआधी जर्मनीतल्या आमच्या मशिदीसमोर पोलिसांची गाडी थांबली, तसे सगळ्यांचे हात खिशातल्या ओळखपत्रांकडे गेले. गेल्या आठवड्यात कुणीतरी दारावर पेटती बाटली फेकली होती, तेव्हाही चौकशी आमचीच झाली. एक तरुण पोलीस उतरला, दारापाशी आला आणि जळलेल्या चौकटीकडे बघत थांबला. “आता विचारेल, आग तुम्हीच लावलीत का,” हिकमतचाचा माझ्या कानात पुटपुटले. पण तो वळला आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्यावर नजर ठेवत उभा राहिला. नमाज पढून बाहेर आलो, तरी तो तसाच होता. चाचांचा पुन्हा खिशात गेलेला हात सैलावला. “चाळीस वर्षं जर्मनीत काढली, पण पोलिसाची पाठ आज पहिल्यांदा बघतोय.” मग त्यांनी आतून आणलेला चहाचा पेला माझ्या हातात दिला. “त्याला नेऊन दे. पण समोरून जा, मागून गेलास तर घाबरेल बिचारा.”