स्वच्छ आभाळातली लाट

"आवं अंबूआक्का, म्हाळाला पानं किती मांडायची त्ये तर सांगा! दर साली ह्योच घोळ," शेजारची चंद्राबाई गवार मोडता मोडता पुटपुटली.

"मागच्या साली मांडली तेवढीच," अंबूबाई म्हणाली.

म्हणजे पितरांच्या पंगतीत यंदाही कृष्णातचं पान नाही.

कृष्णात तिचा मुलगा, हवाई दलात विमानाची यंत्रं सांभाळणारा. बांगलादेशची लढाई संपल्यावर तो बसलेलं विमान उत्तरेच्या डोंगरांवर नाहीसं झालं. त्या दिवशी तिकडं आभाळ स्वच्छ होतं, असं कुणीतरी अंबूबाईला सांगितलं आणि तेवढंच तिनं धरून ठेवलं. ढग न्हाई, वादळ न्हाई, मग इमान पडंल कसं? उतरलं आसंल कुठंतरी.

विजयमाला, कृष्णातची बायको, उठली. पलूसहून सांगलीच्या वाचनालयात एसटीनं हेलपाटे घालून, अडलेलं लोकांना विचारून विचारून तिनं जे समजून घेतलं होतं, ते आज सांगायचंच होतं.

"आत्याबाई, इकडं या."

वस्तीसमोरच्या पाटात उतरून तिनं एक धोंडा ठेवला. अंबूबाईही पाण्यात उतरली. पाणी धोंड्यावर चढलं, उतरलं आणि पुढंही वर-खाली होत राहिलं.

"वाऱ्याचं आसंच हुतंय. डोंगरावर चढतोय, गार पडून जड हुतोय, खाली येतोय, परत उसळतोय. दिसत न्हाई, एवढंच. आन ती लाट वर आभाळात चढत जाती. वर हवा लय पातळ."

"पातळ हवंत कसला जोर ऱ्हातोय?" अंबूबाई हटली नाही. "तुजंच पानी बघ की. फुडं गेलं आन गप झालं."

विजयमाला पाटातच उभी राहून धोंड्यावरचं पाणी बघत राहिली.

उंबऱ्यावर बसून ऐकणारे सासरे, आकाराम, गोठ्याकडं गेले. आसूड घेऊन आले आणि अंगणात एकदाच ओढला. फाडकन आवाज झाला.

"मूठ जाड, टोक बारीक," ते म्हणाले. "हात हालतोय एवढासा. फुटतंय त्ये टोकाला. आसंच का गं?"

"व्हय मामंजी. वर जाईल तशी लाट मोठी हुती. मग तिचं तिलाच पेलत न्हाई. फुटती, आन सगळा जोर तितंच सोडती. तितं जे आसंल त्याला बसतो. आभाळ मातूर साफच दिसतंय."

"आमटी उतू जाईल," असं चंद्राबाई म्हणाली, आणि जागची हलली नाही.

"म्हंजी इमान चालवणाऱ्याची बी चूक न्हवती?" अंबूबाईनं विचारलं.

"न्हवती."

"आन माज्या पोराची?"

"न्हाई, आत्याबाई. कुनाचीच न्हाई."

अंबूबाईनं लुगड्याचा भिजलेला काठ पिळला. नीट, दोन्ही हातांनी.

"मेलाय माजा कृष्णात," ती म्हणाली.