पेव्हिंग ब्लॉकखालचा गुलाब

पैज लावतो, हे ऐकून अख्ख्या पुनावळ्यात कुणीही विश्वास ठेवणार नाही. तरी सूनबाईला, योगिनीला, मी सांगायला घेतलंच.

आमच्या हिनं लावलेला गावठी गुलाब अंगणात होता. फुलं दिसायला साधी, पण वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. दुपारी ऊन चढलं की ही गच्चीवर जाऊन गुलकंदाची बरणी हलवायची. ती गेल्यावर मुलानं गाडीसाठी गुलाब उपटला आणि पेव्हिंग ब्लॉक बसवले. त्यातले चार ब्लॉक उचलून मला पुन्हा गुलाबाचं कलम लावायचं होतं.

"ऐक," मी आवाज खाली आणला. "दुपारी तू कुकर लावतेस ना, तेव्हा त्या ब्लॉकखालून गुलाबाचा वास येतो. आधी बारीक, मग तुझ्या सासूच्या गुलकंदासारखा गोड. तो जिन्यानं वर चढतो आणि गच्चीच्या दाराशी थांबतो."

मेथी निवडता निवडता योगिनीचा हात थांबला.

"गाडीखालून?"

"गुलकंदाच्या बरणीची शपथ!"

"खोटं बोलताय, अण्णा," ती म्हणाली. "कंपनीच्या पेंट शॉपमध्ये एवढी वर्षं काढलीत, तुम्हाला वास येतोच कुठं? काल दूध करपलं, तेही कळलं नाही."

मी हसलो. चोरी पकडली गेली होती.

ती हसली नाही. जिन्याकडे बघत हळूच म्हणाली, "वास मला येतो, अण्णा. जिन्यानंच वर जातो. मी अजून कुणालाच बोलले नव्हते. तुम्हाला कुणी सांगितलं?"