पिल्लाच्या गळ्यातला दोरा

“पडले गो बाय, पडले!” सगुणाबाई अंगणातूनच ओरडली. तशी गुरांची डॉक्टर उन्नती स्कूटी टाकून परसात धावली. तिथे कुत्र्याच्या पिल्लाच्या शीमध्ये शेवयांसारखा पांढऱ्या जंतांचा गुंता होता आणि अख्खं चामटोली गाव कौतुकाने वाकून बघत होतं. त्याची दोन भावंडं पोट फुगून मेली होती. हेही फुगलं तेव्हा नजर लागली म्हणून सगुणाबाईने गळ्यात काळा दोरा बांधला होता. उन्नतीने काल जंताची गोळी भरवली होती. आता तेच पिल्लू भाकरीवर तुटून पडलं होतं. “दोऱ्याने नाही मावशी, गोळीने पडले!” उन्नती हसली. “अंबरनाथला फ्लॅटमध्ये माझ्या कुत्रीलाही झाले होते.” “फ्लॅटात पन?” सगुणाबाईने तोंडावर हात ठेवला. मग पिल्लाच्या गळ्यातला दोरा सोडून तिने उन्नतीच्या मुठीत कोंबला. “घे, हा तुझ्या कुत्रीला बांध. गोळ्या मात्र सगळ्या इथंच ठेव!”