रजिस्टरातली चव

शेळीनं वरणाला तोंड लावलं नाही. नाक जवळ नेलं, दोनदा शिंकली आणि मागे सरकली. मागच्याच आठवड्यात हिनं शाळेच्या भिंतीवरचं निवडणुकीचं पोस्टर खळीसकट फस्त केलं होतं. अंजनाबाईंनी पानावरचं ते पळीभर वरण तिच्यापुढं आणखी सरकवलं. शेळी चालती झाली.

अंजनाबाई रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या त्या सरकारी शाळेत सात वर्षांपासून मुलांचं दुपारचं जेवण शिजवत होत्या. डाळीचं नवं पोतं काल आलं होतं. आज वरणाला उकळी फुटली तसा एक वास सुटला. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठीत गोळ्या ठेवतात, तसला. त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तर आत फडक्यात बांधलेली करडी भुकटी हाती लागली. बाराची घंटा व्हायला वीस मिनिटं होती. मग एकशे बारा मुलं ताटं घेऊन ओळीत बसणार होती.

मुलांच्या आधी एका शिक्षकानं अन्न चाखायचं आणि रजिस्टरात तसं लिहायचं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. राजधानीत, नवा रायपुरात बसून केलेले नियम चांगलेच असतात. तिथले रुंद रस्ते सोडून गुढियारीच्या गल्लीत चाखायला कुणी येत नाही, एवढंच.

वाटीत वरण घेऊन अंजनाबाई हेडमास्तरांच्या खोलीत शिरल्या.

"सर, चाखून पाहा."

यज्ञेश्वर सरांनी मान वर केली नाही. "आज गुरुवार, अंजनाबाई. महाराजांचा उपास."

सोमवारी महादेवाचा झाला होता. मंगळवारी मारुतीचा. बुधवारी कुठलाच देव सापडला नाही, तेव्हा ॲसिडिटी होती. अंजनाबाईंनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या. गुरुवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वाद उत्तम, गुणवत्ता संतोषजनक.' खाली सही. पुढची ओळ शुक्रवारची, तिथंही उत्तम. शनिवारही उत्तम. सरांनी एकाच बैठकीत महिनाअखेरपर्यंतचं जेवण चाखून ठेवलं होतं. अंजनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्याची भाजी अजून बाजारात आहे, सर. तिची चव तुम्हाले आजच कशी समजली?"

"आवाज कमी करा."

"डाळीत औषध आहे. शेळीनं शिवलं नाही."

"मंग आता शेळीले विचारून शाळा चालवाची काय?" सर हसले. "वरून जे येते ते शिजवाचं. निवडाचं काम आपलं नाही. आणि जास्त बोलून राहिल्या त याद ठेवा, तुमच्या जागेवर यायले दहा जणी तयार आहेत."

अंजनाबाईंनी वाटी रजिस्टरावर ठेवली. वरण हिंदकळून सगळ्या उत्तमांवर सांडलं.

"एक घास खा. उपास मोडला त पाप माह्या डोक्यावर. तुम्ही खाल्ला, का मी लेकराईले वाढते."

सरांनी वाटी हातात घेतली, हे खरं. ती ओठांपर्यंत गेली, हेही खरं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि वाटी खाली ठेवली. अंजनाबाईंना तेवढं उत्तर पुरलं. त्या बाहेर आल्या, मदतनीस विनोदिनीला हाक मारली आणि दोघींनी मिळून ते मोठं पातेलं सरळ नालीत पालथं केलं. नोकरी गेली तर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं तोंड बंद केलं होतं, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात घंटा झाली. मुलं ओळीत येऊन बसली. नालीतून वाहणारं पिवळं वरण सगळ्यांना दिसत होतं, पण एकाही मुलाला त्याचं नवल वाटलं नाही. अंजनाबाईंना मात्र मुलांचंच नवल वाटलं. सरांवरचा राग अजून उतरला नव्हता, तो आता मुलांवर निघाला.

"आज वरण नाही. आलू उकडते, थांबा," त्या म्हणाल्या. "पण मले एक सांगा. नुसत्या पाण्याचं वरण, अळ्यांचा भात, सगळं गुपचूप खाऊन राहिले तुम्ही इतके दिवस. घरी एकानंही सांगितलं काहून नाही? मले तरी सांगाचं. मी भांडली असती न."

पहिल्या ओळीत चौथीतली यामिनी होती. तिच्या घरचे मराठी बोलत, ती उत्तर हिंदीत द्यायची. तिनं व्हरांड्याच्या टोकाकडं पाहिलं. तिथं अंजनाबाईंची नात, तिसरीतली रूपाली, स्टीलचा डबा उघडून पोळी-भाजी खात बसली होती.

"रूपाली को तो आप रोज घर का डब्बा देते हो, दादी," यामिनी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "हमको लगा, आपको मालूम है."