रिकाम्या वाघिणी

साठावी गोणी शिडाच्या मचव्यात पडली तेव्हा काळुराम तांडेलानं खाडीकडे पाहिलं. पाणी चढत होतं. अजून वीस गोण्या आल्या की भरती पुरी होताच सुटायचं, ओहोटीबरोबर कळव्यावरून मुंबईला. कल्याण बंदरात असा पुरा माल मिळून त्याला दोन वर्षं झाली होती.

माल हिरड्याचा होता, विलायतेला कातडी कमवायला जाणारा. एरवी शेटजी तो आगगाडीनं धाडत. पण महिनाभर स्टेशनात वाघिणीच, मालगाडीचे डबेच नव्हते. देशावर दुष्काळ होता आणि सगळ्या वाघिणी धान्य घेऊन घाट चढत होत्या. म्हणून शेटजींना मचव्याची आठवण झाली होती.

गोण्या वाहणाऱ्या बायांत शेवंती नवी होती. पारनेरकडची, माळशेज उतरून चालत आलेली. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती. डोक्यावरची गोणी उतरली की ती डोलकाठीला हात टेके. ती जरा थांबे आणि पुन्हा काठाकडे वळे.

उन्हातून शेटजींचा मुनीम धापा टाकत आला.

"तांडेल, भरणं थांबवा. गोण्या खाली घ्या सगळ्या."

"खाली? आता?"

"वाघिणी आल्यात स्टेशनात. पंचवीस, रिकाम्या. माल गाडीनं जाणार."

काळुराम मचव्यावरून काठाला टाकलेल्या फळीवर येऊन उभा राहिला. "मुनीमजी, भरलेला मचवा मी रिकामा करायचा नाय. पाणी आलंय. तासाभरात सुटतो. परवा सकाळी माल मुंबईला."

"विलायतेची आगबोट मुंबईहून उद्या दुपारीच सुटते. गाडीनं गेला तरच माल तिला गाठेल." मुनीमानं पगडी काढून कपाळ पुसलं. तोही थकलेला होता. "शेटजींचा हुकूम आहे. मी तरी काय करू?"

काळुराम फळीवरून काठावर उतरला. काठावरच्या खुंटाला मचव्याचा दोर बांधलेला होता, त्यावर त्यानं हात ठेवला. दोन वेढे सोडले की मचवा मोकळा होणार होता. त्याचे खलाशी त्याच्याकडे बघत होते.

"रिकाम्या आल्या?"

शेवंती गोणी डोक्यावर घेऊन फळीच्या मधोमध थांबली होती.

"अवो मुनीमजी, वाघिणी रिकाम्या आल्या, म्हंजी धान्य तिकडं उतरलं न्हवं?"

"मला काय ठाऊक, बाई?" असं म्हणून मुनीम रस्त्याकडे बैलगाड्या बोलवायला गेला.

ती काळुरामकडे वळली. "दादा, उतरलं आसंल ना? माझी दोन लेकरं हायती तिकडं. सासूपाशी ठिवलीत."

परवाच देशावरून आलेला एक माणूस याच काठावर बसून काळुरामला सांगत होता. तिकडच्या स्टेशनांवर धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, म्हणाला. गावात न्यायला बैलच उरले नाहीत. सगळे मेले.

शेवंती उत्तराची वाट बघत उभी होती. तिच्या पायांखाली फळी हलत होती.

हा माल आपल्याला त्या दुष्काळानंच मिळवून दिला होता, हे काळुरामच्या मनात आलं आणि त्यानं दोरावरचा हात काढला.

"उतरलं असंल," तो म्हणाला. "उतरवल्याबिगर गाडी परत कशी येल?"

तिनं मान हलवली. डोक्यावरची गोणी तशीच घेऊन ती फळीवरच फिरली आणि काठावर गेली. दुसरी गोणी न्यायला आली तेव्हा ती भराभर चालत होती.

"द्या रे उचलून," काळुराम मचव्यात चढत खलाशांना म्हणाला, आणि मचव्यातली पहिली गोणी त्यानं स्वतःच तिच्या डोक्यावर ठेवली.

भरती पुरी झाली. बाया ओळीनं काठाकडे जात होत्या, आणि गोणीगणिक मचवा पाण्यातून थोडा थोडा वर येत होता.